झेरॉक्सचे यंत्र ठेवायचे कुठे?

जून उजाडला की डहाणू आणि तलासरीच्या सरकारी कचेऱ्यांत गर्दी वाढते. शाळा-कॉलेजांचे प्रवेश, आश्रमशाळा आणि वसतिगृहांचे अर्ज, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, सातबारा. प्रत्येक अर्जाला आधार, रेशनकार्ड आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या झेरॉक्स लागतात. जात पडताळणीसाठी तर आजोबा-पणजोबांच्या काळातील शाळेच्या नोंदवहीचा उतारा शोधावा लागतो, कारण अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० या तारखेपूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील दावे, बुलेट ट्रेन, मालवाहतुकीचा समर्पित रेल्वेमार्ग आणि मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग यांच्या भूसंपादनाची प्रकरणे, ग्रामसभांचे ठराव हे सारे कागदावरच चालते. २०१५ साली राज्य सरकारने स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकन मान्य केल्याने प्रतिज्ञापत्रांचा त्रास कमी झाला, पण झेरॉक्सची रांग काही संपली नाही.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत नव्या इमारती उभ्या राहिल्या, जुन्या दुरुस्त झाल्या. अशा वेळी साहेबांची खोली, अभिलेख कक्ष, बैठकीचे दालन या साऱ्यांची जागा नकाशात ठरते. प्रिंटर आणि झेरॉक्स यंत्राची जागा मात्र बहुधा कुणी ठरवत नाही. यंत्र येते तेव्हा जिथे प्लग सापडेल तिथे ते बसते: जिन्याखाली, व्हरांड्याच्या टोकाला, नाहीतर थेट एखाद्या कारकुनाच्या टेबलाशेजारी. पुढची दहा वर्षे ते तिथून हलत नाही आणि त्याच्याजवळ बसणारा माणूसही हलत नाही. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही, आरोग्याचाही आहे.

यंत्राच्या पोटात काय घडते?

झेरॉक्सचा शोधच मुळी एका दुखऱ्या हातातून लागला. चेस्टर कार्लसन हा अमेरिकी गृहस्थ न्यूयॉर्कमधील एका कंपनीच्या पेटंट विभागात काम करत असे. कागदपत्रांच्या प्रती हाताने उतरवणे हा कामाचा भाग होता. त्याची नजर अधू होती आणि संधिवाताने लिहिताना वेदना होत. त्याने सोपा मार्ग शोधायचे ठरवले आणि २२ ऑक्टोबर १९३८ रोजी ॲस्टोरिया येथील छोट्या प्रयोगशाळेत पहिली कोरडी प्रत काढली. कार्यालयांसाठीचे पहिले यशस्वी यंत्र, झेरॉक्स ९१४, बाजारात यायला १९५९ साल उजाडले. ते इतके तापत असे की कधीकधी कागद पेट घेई, म्हणून त्याच्यासोबत आग विझवण्याचे छोटे उपकरणही दिले जाई.

आजचे यंत्र बरेच सुरक्षित आहे, पण तत्त्व तेच आहे. प्रकाशाला संवेदनशील असलेल्या ड्रमवर विद्युतभार दिला जातो. मूळ कागदाची प्रतिमा त्यावर पडली की जिथे अक्षरे आहेत तिथेच भार उरतो. त्या भागाला टोनरची काळी पूड चिकटते, ती कागदावर उतरते आणि शेवटी तापलेल्या रुळांखालून जाताना वितळून पक्की बसते. हे रूळ साधारण १८० ते २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतात. टोनर म्हणजे शाई नव्हे. ते बारीक प्लॅस्टिक, काजळीसारखा कार्बन ब्लॅक, मेण आणि काही यंत्रांत लोहाचे ऑक्साइड यांचे मिश्रण असते.

यातून हवेत तीन गोष्टी येतात. पहिली टोनरची आणि कागदाची धूळ. दुसरी ओझोन वायू. जुन्या यंत्रांत विद्युतभार देण्यासाठी उच्च दाबाची तार असते आणि तिच्याभोवती ओझोन तयार होतो. वीज कडाडल्यावर येतो तसा त्याचा तिखट वास असतो. नव्या यंत्रांत तारेऐवजी रूळ असल्याने ओझोन खूपच कमी होतो. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही: तापलेल्या टोनर आणि कागदातून निघणाऱ्या वाफा थंड होऊन बनणारे अतिसूक्ष्म कण. त्यांचा आकार माणसाच्या केसाच्या जाडीच्या सुमारे सातशेव्या भागाहूनही लहान असतो. नाक आणि घसा त्यांना पुरते अडवू शकत नाहीत. त्यांतले बरेच थेट फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात.

पुरावा किती, भीती किती?

ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या लिडिया मोरावस्का आणि सहकाऱ्यांनी २००७ साली ६२ लेझर प्रिंटर तपासले. त्यांतले बहुसंख्य फारसे कण सोडत नव्हते, पण १७ प्रिंटर मोठ्या प्रमाणात कण सोडणारे निघाले. त्या कार्यालयातील हवेत कामाच्या वेळेत कणांची संख्या इतर वेळेच्या सुमारे पाचपट होत होती. म्हणजे सगळी यंत्रे सारखी नसतात आणि बाहेरून पाहून कोणते यंत्र कसे आहे ते सांगता येत नाही.

आपल्या देशातला अभ्यास अधिक जवळचा आहे. झेरॉक्सच्या दुकानांत काम करणाऱ्यांवरील एक भारतीय अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. इतरांच्या तुलनेत या कामगारांत नाक चोंदणे आणि श्वासाचा त्रास यांच्या तक्रारी जास्त होत्या. त्यांच्या रक्तात शरीरांतर्गत दाह आणि पेशींवरील ऑक्सिडीकरणाचा ताण दाखवणारे घटक वाढलेले आढळले. मात्र फुप्फुसांच्या क्षमतेच्या चाचणीत ठळक फरक दिसला नाही. जर्मनीच्या जोखीम मूल्यांकन संस्थेनेही २००८ साली असेच संतुलित मत दिले होते: काही व्यक्तींना त्रास होऊ शकतो हे नाकारता येत नाही, पण गंभीर आजाराशी थेट संबंध सिद्ध झालेला नाही.

कार्बन ब्लॅकबद्दलही अनेकांच्या मनात भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘कर्करोगास कारण ठरण्याची शक्यता’ असलेल्या गटात ठेवले आहे. त्याचा आधार प्रामुख्याने उंदरांवरील प्रयोग आहे, माणसांतील पुरावा अपुरा आहे. शिवाय टोनरमध्ये तो प्लॅस्टिकमध्ये बांधलेला असतो.

या सगळ्याचा सरळ अर्थ असा: दिवसाकाठी दहा-वीस प्रती काढणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. पण बंद खोलीत, यंत्रापासून हातभर अंतरावर, रोज सात-आठ तास बसणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्यातही दमा, जुनाट सर्दी किंवा ॲलर्जी असलेल्यांना त्रास लवकर होतो. गर्भवती कर्मचाऱ्याचे टेबल यंत्राला चिकटून ठेवू नये, हा साधा खबरदारीचा नियम पाळणे शहाणपणाचे.

त्रास यंत्राचाच आहे का, हे ओळखण्याची एक खूण आहे. डोळे चुरचुरणे, घसा खवखवणे, डोके जड होणे ही लक्षणे दुपारपर्यंत वाढत असतील, रविवारी आणि रजेच्या दिवसांत जात असतील आणि सोमवारी परत येत असतील, तर कामाच्या जागेकडे पाहावे. पण इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे, थुंकीतून रक्त यांपैकी काहीही असेल तर ‘टोनरची ॲलर्जी’ म्हणून घरी बसू नये. सरकारी दवाखान्यात क्षयरोगाची तपासणी मोफत होते, ती आधी करून घ्यावी.

हवा आत कुठून, बाहेर कुठून?

चांगल्या जागेची पहिली अट म्हणजे हवा. मोठ्या यंत्रासाठी स्वतंत्र छोटी खोली किंवा निदान अर्ध्या भिंतीने वेगळा केलेला कोपरा हवा, आणि त्याला बाहेरच्या भिंतीत एक्झॉस्ट पंखा हवा. पंखा यंत्राची गरम हवा जिथून निघते त्या बाजूला बसवावा, आणि ताजी हवा समोरच्या दारातून यावी. अशाने हवा आधी माणसावरून, मग यंत्रावरून आणि मग बाहेर जाते. उलटे झाले, म्हणजे पंखा माणसाच्या डोक्यामागे आणि यंत्र दाराशी असले, तर यंत्राची सारी हवा माणसाच्या नाकावरून जाते.

गणित सोपे आहे. दहा फूट लांब, रुंद आणि उंच अशा खोलीत सुमारे २८ घनमीटर हवा मावते. ती तासाला सहा वेळा बदलायची तर ताशी सुमारे १७० घनमीटर हवा बाहेर टाकावी लागेल. घरगुती वापराचा लहान एक्झॉस्ट पंखाही एवढे काम करतो. पंखा खरोखर हवा ओढतो का, हे कागदांपासून दूर, दाराशी पेटती उदबत्ती धरून कळते. धूर आत वळून पंख्याकडे गेला पाहिजे. व्हरांड्यात किंवा शेजारच्या खोलीत हवा सोडणारा पंखा उपयोगाचा नाही, त्याने त्रास फक्त पुढच्या माणसाकडे ढकलला जातो.

एसी म्हणजे शुद्ध हवा, हा गैरसमज सर्वत्र आहे. भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा खोलीत सोडतो. दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या खोलीत यंत्र असेल तर कण आणि वायू साचत जातात. एसी हवाच असेल तर एक्झॉस्टही हवा.

ओझोनच्या बाबतीत अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांची मर्यादा आठ तासांसाठी हवेच्या एक कोटी भागांत एक भाग इतकी आहे. एवढ्या प्रमाणात तो नाकाला जाणवतो. पण थोड्या वेळाने नाकाला सवय होते आणि वास येईनासा होतो. त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाने ‘इथे वास येतोय’ म्हटले तर त्याचे ऐकावे. छोट्या गावांत वापरलेली, दुरुस्त करून विकलेली यंत्रे बरीच येतात. अशा यंत्रात ओझोन गाळणी आहे का, आणि ती शेवटची कधी बदलली, हे खरेदीच्या वेळीच विचारावे.

दमट हवा आणि कागद

डहाणूचा किनारा पावसाळ्यात ओलाच असतो. कागद हवेतला ओलावा शोषतो, त्याच्या कडा वळतात, पाने एकमेकांना चिकटतात आणि यंत्रात अडकतात. अडकलेला कागद काढताना ऑपरेटर झाकण उघडतो, टोनर हाताला लागतो, गरम रुळाचा चटका बसतो. म्हणजे पावसाळ्यातला दमटपणा हा इजेचेही कारण ठरतो.

त्यावर उपाय म्हणून खिडक्या बंद करण्याची सवय असते, आणि तिथेच हवेचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. मार्ग असा आहे: खोली उघडी राहू द्यावी, कागद बंद ठेवावा. रिमची गठ्ठी जमिनीवर किंवा ओल आलेल्या भिंतीला लावून न ठेवता दार लागणाऱ्या कपाटात ठेवावी. एका वेळी एकच रिम फोडावी. संध्याकाळी ट्रेमधला उरलेला कागद परत त्याच्या वेष्टनात घालावा.

जुन्या नोंदवह्यांचे काम वेगळे आहे. ओल लागलेल्या जुन्या वह्यांत बुरशीचे बीजाणू आणि वाळवीची माती असते. त्या यंत्राच्या काचेवर आपटून झटकल्या तर खोकला आणि शिंकांचे निमित्त होते. वह्या आधी उघड्या हवेत हलक्या ब्रशने साफ कराव्यात, त्या वेळी एन-९५ मास्क लावावा. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. जीर्ण वही काचेवर उलटी दाबण्यापेक्षा वरून छायाचित्र घेणारा स्कॅनर बरा. एकदा नीट स्कॅन केलेले पान पुन्हा पुन्हा हाताळावे लागत नाही.

धक्के, वजन आणि वीज

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरीने भूकंपाच्या धक्क्यांची मालिका अनुभवली. धुंदलवाडी परिसरात लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या. ४ पेक्षा जास्त तीव्रतेचे धक्केही बसले. या भागात कागदाचे रॅक कसे ठेवावेत, हा प्रश्न त्यामुळे इतर ठिकाणांपेक्षा गंभीर आहे.

ए-फोर आकाराच्या ७५ जीएसएम कागदाच्या ५०० पानांच्या रिमचे वजन सुमारे २.३ किलो भरते. साठ रिमचे रॅक म्हणजे १४० किलो. ते डोक्याइतक्या उंचीवर, भिंतीला न अडकवता उभे असेल तर धक्का बसताच आधी तेच कोसळेल. रॅक भिंतीला पट्टीने पक्के करावेत. जड गठ्ठे खालच्या दोन फळ्यांवर, हलके सामान वर. यंत्राच्या चाकांचे लॉक लावलेले असावेत. यंत्र किंवा रॅक बाहेर पडण्याच्या दारापाशी नसावे.

हीच मांडणी पाठीलाही मानवते. दहा रिमचा खोका २३ किलोंचा असतो. तो जमिनीवरून एकट्याने वाकून उचलणे म्हणजे कंबरदुखीला आमंत्रण. खोका जागीच उघडून एकेक-दोन-दोन रिम काढाव्यात, रोजच्या वापराच्या कंबरेच्या उंचीवर ठेवाव्यात.

विजेसाठी मोठ्या यंत्राला स्वतंत्र, अर्थिंग केलेला प्लग आणि स्वतंत्र एमसीबी हवा. रूळ तापताना यंत्र बरीच वीज ओढते. तीन-चार उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावली तर वायर तापते, आणि तिच्याभोवती कागदच कागद असतो. हाताशी कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक असावे आणि ते चालवता येणारा माणूस कचेरीत असावा.

ट्रेमध्ये राहिलेला कागद

रुग्णालयातल्या झेरॉक्सच्या कोपऱ्याला आणखी एक बाजू आहे. सरकारी योजनांसाठी केसपेपर, तपासणीचे अहवाल, रेशनकार्ड यांच्या प्रती लागतात. घाईत मूळ कागद काचेवर राहतो किंवा जादा प्रत ट्रेमध्ये राहते. तो कागद एखाद्या तरुण बाईच्या गर्भपाताचा किंवा एखाद्याच्या एचआयव्ही तपासणीचा असू शकतो. एचआयव्हीविषयक २०१७ चा कायदा रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन घालतो. छोट्या गावात एक कागद चुकीच्या हाती पडला तर उपचारच थांबतात, कारण तो रुग्ण पुन्हा त्या दारात येत नाही.

म्हणून यंत्र रांगेतल्या लोकांच्या नजरेआड, पण कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर असावे. पिन टाकल्यावरच छापणारी सोय अनेक यंत्रांत असते, ती चालू करावी. वाया गेलेल्या प्रती फाडण्यासाठी श्रेडर शेजारीच हवा, भेळेच्या पुड्यांसाठी रद्दीत नव्हे. मोठ्या यंत्रांत हार्डडिस्क असते आणि तिच्यात काढलेल्या प्रतींच्या प्रतिमा राहू शकतात. भाड्याचे यंत्र परत देताना किंवा जुने विकताना ती पुसून घ्यावी.

सगळी छपाई एका जागी आणावी की प्रत्येक टेबलावर छोटा प्रिंटर द्यावा, हा वाद नेहमीचा आहे. मोठे काम एका हवेशीर जागी आणणे आरोग्याच्या दृष्टीने चांगले. त्यानिमित्ताने दिवसभर बसलेला माणूस चार पावले चालतोही. गोपनीय कागदांसाठी मात्र संबंधित खोलीत एक छोटा शाईचा प्रिंटर ठेवता येतो. त्यात तापलेले रूळ नसल्याने असे सूक्ष्म कण फारसे तयार होत नाहीत.

रांगेतला माणूस

यंत्राभोवती ऑपरेटर एकटा नसतो. पाड्यावरून पहिल्या एसटीने आलेली म्हातारी, कडेवर मूल असलेली बाई, काठी टेकत आलेला माणूस हेही तिथेच तासभर उभे असतात. दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि आदिवासी कुटुंबांत सिकलसेलचा आजार आढळतो. उन्हात उभे राहणे, पाणी न पिणे, दमणे यांनी अशा रुग्णाला तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. त्यामुळे सावली, बाक आणि पिण्याचे पाणी हा झेरॉक्सच्या कोपऱ्याचाच भाग आहे. व्हीलचेअर वळण्यासाठी दीड मीटरची मोकळी जागा ठेवावी. रांग यंत्राच्या गरम हवेच्या बाजूने जाणार नाही, हेही पाहावे.

ऑपरेटरला तासाभराने पाच मिनिटे बाहेर जाऊ द्यावे, शक्य तिथे दोघांत पाळी लावावी. उभ्याने काम असेल तर पायाखाली रबरी चटई द्यावी. झाकण लावूनच प्रत काढावी, म्हणजे प्रखर दिवा डोळ्यांत जात नाही.

टोनर सांडला तर झाडूने झाडू नये आणि घरगुती व्हॅक्युम क्लीनरही लावू नये. बारीक पूड त्याच्या पिशवीतून पार होऊन पुन्हा हवेत येते. ओल्या फडक्याने पुसावे. हात आणि कपडे गार पाण्याने धुवावेत, कारण गरम पाण्याने टोनर मऊ होऊन चिकटतो. डोळ्यांत गेला तर चोळू नये, स्वच्छ पाण्याने बराच वेळ धुवावा, लाली राहिली तर दवाखाना गाठावा. रिकामे कार्ट्रिज फोडू नये, जाळू तर मुळीच नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत प्रिंटर आणि त्याचे कार्ट्रिज दोन्ही येतात. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडेच जायला हवे.

यांतल्या बहुतेक गोष्टींना फारसा पैसा लागत नाही. भिंतीत पंख्याचे भोक, एक वेगळा प्लग, रॅकला दोन पट्ट्या, एक बाक. इमारत बांधताना हे सारे काही हजारांत होते, नंतर तोडफोड करून कैक पटीने महाग पडते. ज्या कचेऱ्या आधीच उभ्या आहेत, त्यांनी एक काम उद्याच करता येईल: यंत्राजवळ सर्वांत जास्त वेळ कोण बसते ते पाहावे, आणि त्याला विचारावे की रविवारी त्याला बरे वाटते का.